गाडी मोजली, म्हैस राहिली

वेल्ह्याला जाऊन आलो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "तोरणा चढलास का?" नाही चढलो. पाच दिवस मी त्या भागात होतो. तोरणा रोज समोर दिसायचा आणि मी रोज त्याच्याकडे पाठ करून म्हशींचे पाय मोजत बसायचो. गडाचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. मला जे सांगता येईल ते म्हशीच्या पोटाखालचं आहे.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढच्या फजितीचं आश्चर्य वाटणार नाही. मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव मंगळवेढ्याकडचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आई गल्लीत सांगत असते, "पोरगं गाड्या बनवतंय." खरं म्हणजे मला गाडी चालवताही येत नाही. यंदा प्रोजेक्टला मी विषय घेतला तो असा, की छोट्या गाडीची मोठ्या जनावराशी टक्कर झाली तर चालकाला वाचवायचं कसं. विषय मला सुचला नव्हता. माझा रूम पार्टनर अमोल, त्याच्या शोभाआत्याच्या गाडीला गेल्या हिवाळ्यात म्हैस धडकली होती. ते ऐकल्यावर मी आठ दिवस वर्कशॉपमध्ये राबून लोखंडी गजांची एक जाळी वेल्ड केली. गाडीच्या पुढे बसवायची, बॉनेटवरून काचेपर्यंत येणारी. तिला मी मनातल्या मनात 'रक्षक' असं नावही दिलं होतं. हे नाव कुणाला सांगितलं नाही ते बरं झालं.

गुरुवार, मार्गासनी

स्वारगेटला जाळी घेऊन एसटीत चढलो तेव्हा कंडक्टरने मला दारातच थांबवलं.

"कुणाची खिडकी उपटून आणलीस?"

"प्रोजेक्ट आहे, काका."

"मग त्याचं तिकीट हाफ का फुल?"

मी खरंच विचारात पडलो. तेवढ्यात मागच्यांनी ढकलल्यामुळे मी आणि जाळी दोघंही आत गेलो. जाळी सीटमध्ये मावेना, म्हणून मधल्या वाटेत उभी धरून ठेवली. कात्रजच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईने तिच्यावर आपली पिशवी अडकवली. मग दुसऱ्या कुणी डबा अडकवला. नसरापूर येईपर्यंत जाळीवर तीन पिशव्या, एक डबा आणि कोथिंबिरीच्या जुड्या लटकत होत्या, आणि मी सगळ्यांच्या सामानाला धरून उभा होतो. उतरताना ती बाई म्हणाली, "लई चांगली सोय केलीस बाबा." जाळीला मिळालेली शाबासकी एवढीच.

मार्गासनीच्या फाट्यावर शोभाआत्या गाडी घेऊन उभी होती. आत्या आरोग्यसेविका आहे. विंझरच्या पुढे आत डोंगराच्या कडेला काही वाड्या आहेत, त्या तिच्याकडे. बुटकी, गोल चेहऱ्याची, बोलताना समोरच्याचं मनगट धरण्याची सवय. ती नाडी बघते की माया करते हे शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी पांढरी, छोटी, आत्यासारखीच. जाळी टपावर बांधली.

"बस लवकर. अंधाराच्या आत घरी जायचं आहे."

मी घड्याळ बघितलं. सव्वाचार वाजले होते.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा भात. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, कडक. मोडताना तिचा आवाज शेजारच्या घरात जातो. इथली भाकरी पांढरी, मऊ, रुमालासारखी. मी सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि तुकडा थेट आमटीत जाऊन आमटी शर्टावर आली. आत्या हसली. मग हसता हसता तिने उजव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरट रेघा होत्या.

"ही त्या दिवशीची नक्षी," ती म्हणाली. "दिवेलागणीची वेळ. वाडीवर निघाले होते. म्हैस दिसलीच नाही रे. रस्ता काळा, ती काळी. आधी वाटलं रस्ताच हलतोय. आणि मग काच आत आली."

"आणि म्हैस?"

"टपावर. टपावरून पलीकडे. गेली बिचारी. पट्टा लावला होता म्हणून मी बसलेय तुझ्यापुढं."

गाडी दुरुस्त झाली, हातही भरून आला. पण त्यानंतर आत्या पाचच्या पुढे गाडीला हात लावत नाही. वरवर बघता यात काही बिघडत नाही. पण वाडीवरच्या बायका दिवसभर शिवारात असतात. त्या घरी भेटतात ते संध्याकाळीच. गरोदर बायका तपासायच्या, तान्ह्यांची वजनं घ्यायची, कुणाच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्यात का बघायचं, ही फेरी आत्या वर्षानुवर्षं दिवेलागणीला करायची. आता ती भर दुपारी जाते आणि कुलपं बघून परत येते.

"हायवेजवळच्या दवाखान्यात एक जागा रिकामी झालीय," ती म्हणाली. "तिथं गाडी चालवावी लागत नाही. साहेब म्हणाले, येतेस तर सोमवारी सांग. मी 'हो' म्हणणार आहे. कुलूपबंद घरांचा पगार कशाला घ्यायचा?"

मी फार समजूतदारपणे म्हणालो, "आत्या, काळजी करू नका. मी जाळी आणली आहे."

शुक्रवार, भोर

सकाळी आत्याने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, आणि आम्ही भोरला निघालो. तिची गाडी तिथले बाळूमिस्त्री बघतात. रस्त्यात दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. आमच्याकडे शेत म्हणजे नजर पोहोचेल तिथवर सपाट. दोन मैलांवरची म्हैस दिसते आणि ती कुणाची हेही सांगता येतं. इथे वळणापलीकडे काय आहे ते वळण संपेपर्यंत कळत नाही.

बाळूमिस्त्री पन्नाशीचे, अंगाने काटक, कानावर पेन्सिल. त्यांनी माझी जाळी चारी बाजूंनी बघितली. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.

"जोड चांगला मारलाय. हे गाडीला लावल्यावर बॉनेट कसं उघडायचं?"

मी एकदा जाळीकडे आणि एकदा बॉनेटकडे बघितलं.

"बरं, ऱ्हाऊ दे. बाई बुटक्या. त्यास्नी ह्या गजातनं रस्ता दिसंल का?"

मी म्हणालो, "थोडं कमी दिसेल. पण समजा टक्कर झालीच, तर जाळी अडवेल."

"बघू की अडवती का."

त्यांनी एक उंच स्टूल ओढलं, त्याच्यावर भुशाचं भरलेलं पोतं आडवं ठेवलं. मग गाडीखाली झोपून काम करायची ती चाकं लावलेली फळी पुढे सरकवली. "बस हिच्यावर. जाळी धर म्होरं. तू गाडी, ती म्हस."

गॅरेजमध्ये आलेले दोन-तीन जण हातातलं काम टाकून उभे राहिले. मी मांडी घालून बसलो. मिस्त्रींनी पाठीला पाय लावून मला ढकललं.

पुढचं सगळं फार लवकर झालं. जाळीचं खालचं टोक स्टुलाच्या पायांना लागलं, पाय मागे गेले, आणि वरचं पोतं जाळीवरून सरळ माझ्या डोक्यावर आलं. जाळीही माझ्या छातीत घुसली. भुसा नाकातोंडात. लोक टाळ्या वाजवत होते. आत्या धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"आता सांग," मिस्त्री म्हणाले. "काय झालं?"

"पोतं... वरून आलं."

"व्हय. गाडीचं नाक बारकं, खाली. ते धडकतंय म्हशीच्या पायाला. धड तसंच वर. पाय गेलं की समदं वजन काचंवर. बाईंच्या बारीला मी बघितलंय, टप कुठं दबला हुता ते. आन तुझी जाळी असती तर काचंच्या आधी गज आलं असतं आत." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "म्हशीचं पोट भुईपासनं किती वर असतंय?"

मला माहीत नव्हतं. मी हॉस्टेलसमोरच्या चार गाड्या मोजल्या होत्या. नाकाची उंची, काचेचा उतार, टपाची जाडी, सगळं वहीत होतं.

"घरी म्हशी न्हाईत का?"

"दोन आहेत."

"धार काढतोस?"

"सुट्टीत काढतो."

"म्हंजी पोटाखालीच बसतोस, आन उंची म्हाईत न्हाई!"

मी बाजूला जाऊन वडिलांना फोन लावला.

"दादा, म्हशीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते जरा मोजता का?"

"का? इकायची हाय का?"

"नाही, कॉलेजचं आहे."

"कॉलेजात म्हस शिकवत्यात?" पण ते गेले. फोन तसाच ठेवून गेले. त्यांचं म्हशीशी बोलणं मला ऐकू येत होतं, 'हाल गं, पोराची परीक्षा हाय.' परत येऊन म्हणाले, "तीन इती आन वर दोन बोटं. इतक्यात भागंल का दुसरी बी मोजू?"

मी आत्याच्या गाडीच्या नाकाला वीत लावली. तीन विती. गाडीचं नाक म्हशीच्या पोटाखाली बरोबर बसत होतं, एखाद्याने मापाने बेतून घेतल्यासारखं.

त्यानंतर मी पान्हे देत राहिलो आणि मिस्त्री काम करत राहिले. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या त्यांनी बारीक कागदाने घासून लख्ख केल्या. मग गाडी भिंतीसमोर लावून दिवे पेटवले. डावा भिंतीवर, उजवा भिंतीच्या वर.

"डेंट काढाया गाडी दुसरीकडं दिली, तिथं कुणी दिव्याकडं बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "ह्या दिव्यानं झाडावरची वटवाघळं दिसतील, बाई. म्हस न्हाई दिसायची."

आत्या वर्षभर तशीच चालवत होती. शेवटी त्यांनी तिला सीटवर बसायला सांगितलं. ती स्टेअरिंगला जवळजवळ छाती लावून बसायची, पुढचं दिसावं म्हणून. अपघातानंतर आणखीच पुढे सरकली होती. मिस्त्रींनी सीट दोन खाचा मागे घेतली आणि खाली फळीवर घट्ट गादी ठोकून ती उंच केली.

"पाय पोचत नाहीत माझे!"

"मग एक खाच. काचंपासनं जितकं लांब तितकं बरं. आन बाई, आलंच जनावर तर ब्रेक दाबून धरायचा. स्टेअरिंग वढायचं न्हाई. म्हशीला चुकवाया जाल आन झाडाला भेटाल. झाड म्हशीपरीस कडक असतंय. अगदीच आली अंगावर तर मान खाली घालायची, लाजल्यावानी."

निघताना मी जाळीचं काय करायचं विचारलं. "ठिवून जा," ते म्हणाले. "सायकली बांधाया हुईल."

बाजारात एका रेडियमवाल्याकडून मी ट्रकच्या मागे लावतात तशा लाल-पिवळ्या रेडियम पट्टीची गुंडाळी घेतली. कारण गॅरेजमधून बाहेर पडताना मला नवीन कल्पना सुचली होती. टक्कर झाल्यावर फारसं काही उरत नाही. म्हैस आधी दिसली पाहिजे. आणि गाडीचे दिवे खाली असतात, म्हणजे उजेड आधी पायांवर पडणार. पट्टी पायांना बांधायची! मी हे आत्याला अर्धा तास समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांची म्हैस गेली त्यांच्याच म्हशी आहेत त्या रस्त्याला. आप्पा आणि हौसाबाई. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी तरी काय तोंडाने जाऊ? तू जा."

शनिवार, वेल्हे आणि वाडी

आत्याचं वेल्ह्याला काम होतं म्हणून सकाळी आधी तिथे गेलो. ती कामाला गेली आणि मी बाजारात चहा पिऊन उभा राहिलो. समोर एक म्हैस बांधलेली होती. काल झालेल्या अपमानामुळे मला आता कुठलीही म्हैस दिसली की मोजावीशी वाटत होती. मी खिशातला टेप काढला, पोटाची उंची घेतली, खुराची घेतली. वहीत लिहितो आहे तेवढ्यात मागून आवाज आला.

"दुसऱ्या वेताची हाय. गरीब. पोरानं बी धार काढावी."

मालक होता. मी सांगायला लागलो की मला फक्त माप हवं आहे, तर तो म्हणाला, "बघा की, माप बघूनच घ्या. दात बघा." आजूबाजूला माणसं जमली. नाही म्हणणं मला कधीच नीट जमत नाही. मी दात बघितले, कास बघितली, शेपूट बघितली, आणि प्रत्येक वेळी "चांगली आहे" म्हणत गेलो. आत्या आली नसती तर म्हैस घेऊनच हॉस्टेलला गेलो असतो.

आत्याने मला वाडीच्या खाली सोडलं आणि ती निघून गेली. आप्पांच्या अंगणात मी बराच वेळ नुसता उभा होतो. हाक मारावी तर काय म्हणून मारावी, हे ठरेना.

"लस टोचाया आलाय का?" आतून एक उंच, सावळी बाई बाहेर आली. हौसाबाई.

"नाही. म्हशींच्या पायांना पट्टी बांधायला."

"का? लंगडत्यात व्हय?"

मी सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच इंग्रजी शब्द घुसत. रस्ता, अंधार, दिवे. आत्याचं नाव घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा ताठ झाला. पण म्हणाल्या, "आमची म्होरकी गेली ती. ती पुढं असली की बाकीच्या सरळ वळीनं यायच्या. आता ह्या कुनाचंच ऐकत न्हाईत. डांबर ऊन असतंय ना संध्याकाळी, तितंच रेंगाळत्यात."

आमच्याकडे म्हैस दावणीला असते आणि चारा तिच्याकडे चालत येतो. इथे म्हैस चाऱ्याकडे जाते. सकाळच्या धारा झाल्या, उन्हं वर आली की सोडायची. डोंगराच्या अंगाला चरून दिवेलागणीला त्या आपल्या आपण घरी येतात, थोडं डांबरी रस्त्याने खाली उतरून मग पायवाटेने वाडीवर. मागे कुणी नसतं. मला ही पद्धत फार आवडली आणि भीतीही वाटली.

पाच म्हशी, वीस पाय. दीड तास लागला. एकीने लाथ मारली ती मांडीला बसली, दुसरीने शेपटीने माझा चष्मा शेणात पाडला. पण काम झालं. म्हशी चकचकीत पायांनी डोंगराकडे निघाल्या तेव्हा त्या कुठल्या तरी शाळेच्या कवायतीला निघाल्यासारख्या दिसत होत्या. हौसाबाईंनी मला जेवायला बसवलं. सुकटीचं कालवण आणि नाचणीची भाकरी. मी फार समाधानाने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दिवेलागणीला म्हशी आल्या. मी रस्त्यावर टॉर्च घेऊन उभा. टॉर्च मारला, काही दिसेना. परत मारला. अंधारातून फुसकारण्याचा आवाज आला आणि ओल्या चिखलाचा वास. म्हशी दिवसभर डबक्यात बसून आल्या होत्या. वीसच्या वीस पाय गुडघ्याच्या वरपर्यंत काळ्या चिखलात लिंपलेले. आणि एक म्हैस पुढचीच्या पायाची सुटलेली पट्टी निवांत चघळत येत होती.

हौसाबाईंनी धावत जाऊन तिच्या तोंडात हात घातला आणि पट्टी ओढून काढली. मग माझ्याकडे वळल्या.

"एक गेली ती रस्त्यानं. आता दुसरी तुज्या प्लाष्टिकनं घालवतो का?"

घरी म्हशी असलेला मुलगा मी. म्हैस दुपारी चिखलात बसते हे मला तीन वर्षांच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याआधीची अठरा वर्षं मी विसरलो होतो. मी खाली बसून टॉर्चच्या उजेडात एकेक पट्टी सोडवायला लागलो. वीस पाय. हौसाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्याही खाली बसल्या.

"आरं, म्हस पान्यात बसली तर तिचं काय बुडत न्हाई?"

"डोकं."

"मग?"

रविवार, परत वाडी

सकाळी गेलो तर हौसाबाईंनी चुलीतली राख काढून ठेवली होती. शिंगांवरचं तेलकट किटण राखेने घासायचं, फडक्याने कोरडं करायचं, मग रेडियमची पट्टी शिंगाला वेढे देत चिकटवायची आणि शेवटच्या वेढ्यावर सुतळीची गाठ. त्या घासत होत्या, मी चिकटवत होतो. त्यांची सून सुरेखा उंबऱ्यात बसून हसत होती. तिला सातवा महिना होता. कापणीमुळे रोज शेतावर जात होती. आत्या दोनदा दुपारी येऊन कुलूप बघून गेली होती, म्हणजे तिची दोन महिने तपासणीच झाली नव्हती. पाय सुजल्यासारखे वाटतात असं ती सहज बोलून गेली.

दोन म्हशी झाल्या तोवर आप्पा आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्ये काय? बेगड? पोळ्याचा बैल हाय व्हय ती?"

"दिसावी म्हणून, आप्पा," मी म्हणालो.

"म्हशीला कोन सजवतं? शिंगं रंगवायची ती बैलाची. गाव हसंल."

"हसू दे गाव," हौसाबाई वर न बघता म्हणाल्या. "गेली ती म्हस गावाची हुती का आपली? आन त्या बाई गेल्या असत्या तर? सुरेखाच्या पहिल्या बाळंतपनाला पावसात कोन आलं हुतं? गावच आलं हुतं का?"

थोड्या वेळाने आप्पा तिसऱ्या म्हशीचं डोकं धरायला आले. "शेंड्याला नगं," एवढंच म्हणाले. "झाडाला घासत्यात. बुडाकडं लाव."

मी आत्याला फोन करून सुरेखाच्या पायांबद्दल सांगितलं. सुरेखा आज दिवसभर घरीच आहे, दुपारीच या, असंही मी सुचवलं. आत्या म्हणाली, "आज दुपारी येईनही, पण उद्या, परवा? आणि बाकीच्या घरांचं काय?" मग म्हणाली, "तू खाली वाडीच्या फाट्यावर थांब. मी साडेपाचला निघते. शेजारी कुणीतरी बसायला हवं."

आता जे सांगतो त्यात माझी बाजू चांगली नाही, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

पावणेसहाला फाट्यावर मी गाडीत बसलो. उजेड जात होता. आत्याने पट्टा लावला, माझा लावायला लावला, दिवे पेटवले. दोन्ही दिवे रस्त्यावर. ती बैलगाडीच्या वेगाने चालवत होती. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. मी तिला धीर द्यायला बोलत होतो, ती म्हणाली, "गप्प बस जरा, मला रस्ता ऐकू दे."

तिसऱ्या वळणानंतर लांब, जमिनीपासून वर, दोन पिवळ्या ठिणग्या दिसल्या. मग चार. मग सगळ्या मिळून वरखाली हलणारी एक लाल-पिवळी रांग. खाली काहीच नाही, नुसती शिंगं चालत येत होती. मी हिशेब केला होता, वहीत आकृती काढली होती, पट्टी स्वतःच्या हाताने लावली होती. आणि मी काय केलं? मी दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर रोवून, नसलेला ब्रेक दाबून, डोकं गुडघ्यात घातलं आणि ओरडलो.

गाडी थांबली होती. हळूच, झटका न बसता. कितीतरी आधी.

"उठ," आत्या म्हणाली. "अजून यायच्यात त्या."

मी डोकं वर केलं. म्हशी सावकाश आल्या आणि पाणी दगडाच्या दोन्ही बाजूंनी जावं तशा गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघाल्या. एक आरशाला पाठ घासून गेली, आरसा फिरला. आत्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते, तरी तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मागून आप्पा आले. या म्हशींच्या मागे कुणी येत नाही असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी आप्पा आले होते. काठी काखेत, एक हात डोळ्यांवर. आत्याच्या काचेजवळ थांबले. वर्षभरात ते तिच्याशी बोललेले नव्हते.

"बाई, दिवं बारीक करा. म्हशी बुजत्यात."

आत्याने दिवे खाली केले. आप्पा दोन पावलं पुढे गेले आणि वळून म्हणाले, "सून घरीच हाय."

वाडीवर सात घरं होती आणि त्या संध्याकाळी एकालाही कुलूप नव्हतं. आत्या कुणाच्या चुलीपुढे बसून, कुणाच्या ओसरीवर उभी राहून कामं करत होती आणि मी तिच्या मागे पिशवी धरून. सुरेखाच्या पायांवर सूज होती, रक्तदाबही वाढलेला निघाला. आत्याने फोन केला. सकाळी लवकर तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. हौसाबाईंचा चेहरा उतरला. आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"वेळेत कळलंय, हौसाबाई. दोन आठवड्यांनी कळलं असतं तर मी तुमच्याकडे बघू शकले नसते."

सोमवार

आत्या पहाटेच सुरेखाला आणि हौसाबाईंना घेऊन दवाखान्यात सोडून आली होती. तिथे सुरेखाला दोन दिवस ठेवून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला, असं आत्याने मला नंतर कळवलं. मी माझी बॅग भरली. प्रोजेक्टच्या वहीत चार गाड्यांची, सहा म्हशींची आणि एका वितीची मापं होती. सर काय म्हणतील याची धास्ती होती, अजूनही आहे. जाळीचे फोटो त्यात लावायचे की नाही हे माझं ठरलेलं नाही.

मी पायरीवर बूट घालत होतो तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. ती साहेबांशी बोलत होती.

"नको, सर. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या... नाही, नाही. भीती गेली नाही. काल हात कापत होते." मध्ये थोडा वेळ ती ऐकत राहिली. "भीती आहे, सर. पण फेरी होते."